सही कुणाची, मुदत किती

आमच्या घरात ‘शटडाऊन’ हा शब्द भाजी-भाकरीइतकाच रोजचा होता. बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. मिलमधल्या एखाद्या मोटारीला हात लावायचा तर आधी तिची वीज तोडावी लागते. ती कुणी तोडली, कुणाच्या मागणीवरून आणि किती वाजेपर्यंत, हे सगळं परमिटवर लिहावं लागतं. मागणाऱ्याची सही, देणाऱ्याची सही, फीडरचा नंबर, वेळ. मग फ्यूज काढून पॅनेलवर लाल टॅग लटकवायचा, त्यावर नाव लिहायचं. ज्याचं नाव असेल त्यानेच तो टॅग काढायचा. शिफ्ट बदलली की जुनं परमिट तसंच पुढे चालू राहत नाही, नव्या माणसाची नवी सही लागते. तोंडी शटडाऊन घेऊन कुणी कामाला लागलं की बाबा संध्याकाळी घरी आल्यावरही अस्वस्थ असायचे. चहा गार व्हायचा.

पुढे राज्यघटनेतलं आणीबाणीचं कलम 352 वाचायला घेतलं तेव्हा मला ते परमिट आठवलं. कोण मागणार, कोण सही करणार, किती दिवस, कुणी काढून घ्यायचं, हे सगळे रकाने आज त्या कलमात आहेत. जून 1975 मध्ये मात्र त्यातले निम्मे रकाने नव्हतेच. ते नंतर संसदेने घातले. ते कसे घातले गेले, कोणता रकाना खरा उपयोगाचा आहे आणि कोणता अजूनही कोरा आहे, ही हकिकत आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. आणीबाणीच्या आठवणी पुष्कळ निघतात, पण तिच्यानंतर बदललेल्या कायद्याची चर्चा वकिलांच्या पुस्तकांतच राहते.

आधी ‘राष्ट्रपतींचे अधिकार’ म्हणजे काय ते पाहू. 4 फेब्रुवारी 1959 रोजी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली ती राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1960 मध्ये, त्यांनी दिल्लीत इंडियन लॉ इन्स्टिट्यूटच्या समारंभात एक अवघड विषय काढला. राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाचा सल्ला मानलाच पाहिजे असं घटनेत स्पष्ट शब्दांत कुठे लिहिलं आहे, याचा अभ्यास व्हावा, असं त्यांनी सुचवलं. तसं ते तेव्हा खरोखरच लिहिलेलं नव्हतं, संकेताने चालत होतं. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने ते लिहून टाकलं: सल्ल्याप्रमाणेच वागायचं. त्यामुळे भारतात राष्ट्रपतींचा आणीबाणीचा अधिकार म्हणजे व्यवहारात पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ यांचाच अधिकार. सही राष्ट्रपतींची, हात मात्र दुसऱ्याचा. म्हणून त्याला आवर घालायचा तर तो संसदेलाच घालावा लागतो.

मूळ घटनेत हा आवर फारच सैल होता. युद्ध, परकीय आक्रमण किंवा ‘अंतर्गत अशांतता’ यांपैकी काहीही झालं, किंवा होण्याचा धोका दिसला, की उद्घोषणा करता येत होती. दोन महिन्यांत संसदेच्या दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने होकार दिला की झालं. त्यानंतर पुन्हा कधी विचारायचं, याचा उल्लेखच नव्हता. चीनच्या आक्रमणामुळे 26 ऑक्टोबर 1962 रोजी पहिली आणीबाणी लागली. महिन्याच्या आत, नोव्हेंबरमध्ये, लढाई थांबली. आणीबाणी उठली जानेवारी 1968 मध्ये. मधल्या पाच वर्षांत कुणी तो टॅग काढला नाही, कारण कधी काढायचा हे परमिटवर लिहिलेलंच नव्हतं. डिसेंबर 1971 मध्ये पाकिस्तान युद्धाच्या वेळी लागलेली दुसरी आणीबाणीही जून 1975 मध्ये चालूच होती. आपण 25 जूनला जिची आठवण काढतो ती खरं म्हणजे तिसरी, दुसरीच्या अंगावर चढवलेली.

हा धोका कुणाला दिसला नव्हता असं नाही. ऑगस्ट 1949 मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी या तरतुदींना कडाडून विरोध केला. मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्गच राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद करता येईल, ही कल्पना त्यांना लाजिरवाणी वाटली. जर्मनीतल्या वायमार घटनेच्या कलम 48 चा त्यांनी दाखला दिला. कामत निवडून आले होते मध्य प्रांत-वऱ्हाडातून, म्हणजे ज्या प्रांतात नागपूर होतं आणि आमचा दुर्ग जिल्हाही होता. दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त त्याच समितीत होते, घटनेच्या हिंदी अनुवाद समितीचे ते अध्यक्ष. वायमारची गोष्ट कामतांना ताजी होती. तिथे अध्यक्षाने काढलेला आणीबाणीचा हुकूम संसद रद्द करू शकत होती, आणि जुलै 1930 मध्ये तिने तो केलाही. तेव्हा अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी संसदच विसर्जित केली आणि हुकूम पुन्हा काढला. विचारणारं सभागृहच बरखास्त करता येत असेल तर त्याला विचारण्याच्या अटीला काही अर्थ राहत नाही. घटना समितीने कामतांचं ऐकलं नाही.

आता 25 जून 1975 ची रात्र. पंतप्रधान इंदिरा गांधींनी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना पत्र लिहिलं. आपण हा विषय मंत्रिमंडळापुढे नेला असता पण आज रात्री ते शक्य नाही, सकाळी सर्वांत आधी नेऊ, अशा अर्थाचं. केंद्र सरकारच्या कामकाज नियमांतला नियम 12 पंतप्रधानांना तातडीच्या वेळी नेहमीची पद्धत बाजूला ठेवू देतो. त्याचा आधार घेतला गेला. राष्ट्रपतींनी रात्रीच सही केली. मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता झाली, तोवर देशभर अटका सुरू झाल्या होत्या. म्हणजे वीज आधी तोडली आणि परमिट नंतर भरलं. 27 जूनला आणखी एक आदेश निघाला. कलम 14, 21 आणि 22 मधल्या हक्कांसाठी कुणालाही न्यायालयात दाद मागता येणार नाही.

आमच्या भागात याचा अर्थ काय झाला? आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालाप्रमाणे ‘मिसा’ या खटल्याविना स्थानबद्धतेच्या कायद्याखाली मध्य प्रदेशात 5,620 माणसं स्थानबद्ध झाली, महाराष्ट्रात 5,473. छत्तीसगढ तेव्हा मध्य प्रदेशातच होतं. त्या आकड्यात शंकर गुहा नियोगीही आले. कधी काळी भिलाईच्या कारखान्यात काम केलेले, तिथून काढून टाकलेले, आणि मग दल्ली-राजहराच्या लोहखाणींतल्या मजुरांमध्ये मिसळून गेलेले नियोगी. भिलाईच्या भट्ट्यांत पडणारं लोहखनिज त्या खाणींतून येतं. सुटल्यावर 1977 मध्ये त्यांनी तिथल्या मजुरांची संघटना बांधली. आणि गंमत नव्हे, विषाद वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्या काळात वृत्तपत्रांवर सेन्सॉर लावणारे माहिती व नभोवाणी मंत्री विद्याचरण शुक्ल हे आमच्या शेजारच्या रायपूरचेच खासदार होते. 1977 च्या निवडणुकीत रायपूरने त्यांना पाडलं.

मध्य प्रदेशातल्या तुरुंगांत एक मराठी माणूसही होता, मधु लिमये. जन्म पुण्याचा, मतदारसंघ बिहारमधला बांका. जुलै 1975 ते फेब्रुवारी 1977 या काळात त्यांना मध्य प्रदेशातल्या वेगवेगळ्या तुरुंगांत ठेवलं. संसदीय नियमांचं असं बारीक ज्ञान असलेला दुसरा खासदार त्या पिढीत दाखवणं कठीण. लोकसभेची पाच वर्षांची मुदत संपल्यावर, घटनेतल्याच एका तरतुदीचा आधार घेऊन ती वाढवण्यात आली, तेव्हा लिमये आणि जबलपूरचे तरुण खासदार शरद यादव यांनी तुरुंगातून राजीनामे दिले. लोकांनी आम्हाला पाच वर्षांसाठी पाठवलं होतं, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. आपल्याच खुर्चीची मुदत पाळणारे हे दोन खासदार मला त्या सगळ्या काळातले सर्वांत स्वच्छ कायदेतज्ज्ञ वाटतात.

आणि संसदेने काय केलं? इथे आकडा नीट पाहायला हवा. जुलै 1975 मध्ये लोकसभेने उद्घोषणेला मंजुरी दिली ती 336 विरुद्ध 59 अशा मतांनी. मतदान केलेल्यांपैकी दोन तृतीयांश म्हणजे 264. सभागृहाची एकूण संख्या सव्वापाचशेच्या आसपास, तिचं निम्मं साधारण 260. म्हणजे आज घटनेत जी कडक दुहेरी अट आहे, म्हणजे एकूण सदस्यांचं बहुमत आणि उपस्थित राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश, ती अट 1975 मध्ये असती तरी लोकसभेत ठराव आरामात पास झाला असता. काही विरोधी खासदार तर आतच होते, तुरुंगाच्या. ‘आता दोन तृतीयांश लागतात, त्यामुळे तसं पुन्हा होणार नाही’ असं जे आपण सहज म्हणतो, ते या आकड्यापुढे टिकत नाही. नुसती मतांची उंची वाढवून मोठ्या बहुमताच्या सरकारला अडवता येत नाही. अडवतात त्या दुसऱ्याच गोष्टी, आणि त्या 44 व्या घटनादुरुस्तीत आहेत.

त्याआधी जबलपूरचं प्रकरण सांगायला हवं, कारण ती दुरुस्ती त्याला दिलेलं उत्तर आहे. ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’. स्थानबद्ध माणसाला आपली अटक बेकायदा आहे एवढं तरी न्यायालयात म्हणता येईल का, हा प्रश्न होता. नऊ उच्च न्यायालयांनी हो म्हटलं. त्यात मध्य प्रदेश उच्च न्यायालय होतं आणि मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही. सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 1976 रोजी चार विरुद्ध एक अशा मताने नाही म्हटलं. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवादींना विचारलं होतं, की पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तरी दाद मागता येणार नाही का. आणीबाणी आहे तोवर नाही, असं उत्तर आलं. विरोधी मत देणारे एकटे खन्ना. पुढे सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमतात होते न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड, पुण्याचे. ऑगस्ट 2017 मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात तो निकाल चुकीचा होता असं लिहून तो मोडीत काढला गेला, आणि ते लिहिणारे न्यायमूर्ती होते त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड. पण नागरिकाला एक्केचाळीस वर्षं वाट पाहावी लागली नाही, ती संसदेमुळे.

1977 मध्ये जनता पक्षाचं सरकार आलं. शांतिभूषण कायदामंत्री. राज्यसभेत बहुमत काँग्रेसचं, त्यामुळे एकेका कलमासाठी तडजोड करत 44 वी दुरुस्ती 1978 च्या डिसेंबरमध्ये पार पडली. त्या लोकसभेत हरि विष्णू कामतही होते, होशंगाबादहून निवडून आलेले. एकोणतीस वर्षांपूर्वी जे बोलून ते हरले होते, त्यातलं बरंचसं आता कायद्यात येत होतं. 20 जून 1979 पासून दुरुस्तीचा बराचसा भाग लागू झाला.

तिने केलं काय? ‘अंतर्गत अशांतता’ हे मोघम शब्द काढून ‘सशस्त्र उठाव’ असे शब्द घातले. संप, मोर्चे, घोषणा, आमच्या खाणमजुरांचं धरणं, यांतलं काहीही आता आणीबाणीचं कारण होऊ शकत नाही. राष्ट्रपतींनी सही करण्याआधी केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय त्यांना लेखी कळवला गेला पाहिजे, असं घटनेतच लिहिलं. मंत्रिमंडळ म्हणजे कोण, याची व्याख्याही दिली. एका माणसाचं रात्रीचं पत्र आता पुरत नाही. संसदेचा होकार दोन महिन्यांऐवजी एका महिन्यात हवा. तो मिळाला तरी सहा महिन्यांत उद्घोषणा आपोआप संपते, चालू ठेवायची तर पुन्हा तोच दुहेरी बहुमताचा ठराव. 1962 सारखा विसरलेला टॅग आता वर्षानुवर्षं लटकत राहणार नाही. आणि कलम 20 व 21, म्हणजे फौजदारी शिक्षेबाबतची संरक्षणं आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य, यांच्यासाठी न्यायालयाचं दार आणीबाणीतही बंद करता येणार नाही. जबलपूर निकालाचं उत्तर ते हेच.

माझ्या मते यातली सर्वांत हुशार तरतूद मात्र क्वचितच कुणाला ठाऊक असते. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी नोटीस दिली, आज 543 च्या सभागृहात 55 जणांनी, तर आणीबाणी उठवण्याच्या ठरावासाठी चौदा दिवसांत खास बैठक बोलवावीच लागते. अधिवेशन नसेल तर नोटीस थेट राष्ट्रपतींकडे द्यायची. आणि उठवायला दोन तृतीयांश लागत नाहीत, साधं बहुमत पुरतं. लावायला अवघड आणि काढायला सोपी अशी रचना मुद्दाम केली आहे. शिवाय विचारण्याचा हक्क अल्पसंख्य विरोधकांना दिला आहे, सरकारच्या मर्जीवर ठेवलेला नाही. लोकसभा विसर्जित असली तरी राज्यसभेची संमती लागते आणि नव्या लोकसभेने पहिल्या तीस दिवसांत ठराव केला नाही तर उद्घोषणा संपते. हिंडेनबुर्गची युक्ती इथे चालत नाही.

तेच अमेरिकेकडे पाहा. 1976 मध्ये, आपल्याकडे 42 वी दुरुस्ती होत होती त्याच वर्षी, तिथे काँग्रेसने राष्ट्रीय आणीबाणी कायदा करून अध्यक्षावर बंधनं घातली. दोन्ही सभागृहांच्या ठरावाने आणीबाणी संपवता येत होती, त्यावर अध्यक्षाची सही लागत नव्हती. 1983 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा सहीविना ठरावांची पद्धतच घटनाबाह्य ठरवली, आणि मग कायदा बदलून सही आवश्यक झाली. परिणाम 2019 मध्ये दिसला. मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठी ट्रम्प यांनी पुकारलेली आणीबाणी दोन्ही सभागृहांनी नाकारली, आणि ट्रम्प यांनी त्या ठरावावर नकाराधिकार वापरला. ज्याने टॅग लावला त्याच्याच परवानगीशिवाय तो निघत नाही, अशी गत. दक्षिण कोरियात उलटं घडलं. 3 डिसेंबर 2024 च्या रात्री अध्यक्ष युन यांनी लष्करी कायदा पुकारला. संसदेला पोलिसांनी वेढा घातलेला, तर सभापती स्वतः कुंपणावर चढून आत गेले. मध्यरात्र उलटल्यावर 190 सदस्यांनी एकमताने तो उठवण्याची मागणी केली, आणि तिथल्या घटनेप्रमाणे अध्यक्षाला ती पाळावी लागली. पहाटेपर्यंत सारं संपलं. आपले चौदा दिवस त्यापुढे फार वाटतात, आणि ते आहेतही.

आपल्याकडे फट कुठे राहिली, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. लेखी मंत्रिमंडळ निर्णयाची अट फक्त कलम 352 च्या आणीबाणीला आहे. राज्यातली राष्ट्रपती राजवट येते कलम 356 ने, तिथे ती अट नाही. 12 नोव्हेंबर 2019 ला महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट लागली आणि 23 नोव्हेंबरला पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी ती उठल्याची अधिसूचना निघाली. मंत्रिमंडळाची बैठक झाली नव्हती. वापरला होता तोच नियम 12. कलम 356 खालीही संसदेची मंजुरी लागते, पण दोन महिन्यांत. अकरा दिवसांची राजवट संसदेपुढे मंजुरीसाठी येण्याची वेळच आली नाही. कुणाचा पक्ष कोणता, हा प्रश्न मला इथे गौण वाटतो. ज्या नियमाचा 1975 मध्ये आधार घेतला तो नियम अजून तिथेच आहे, तेवढं सांगायचं आहे.

आणखी एक फट आहे, आणि ती मला जास्त टोचते. 44 व्या दुरुस्तीच्या कलम 3 ने घटनेतलं अनुच्छेद 22 बदलायचं ठरवलं होतं. खटल्याविना स्थानबद्धतेत सल्लागार मंडळाच्या मताशिवाय माणसाला तीन महिने ठेवता येतं, ते दोन महिन्यांवर आणायचं. मंडळाचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा विद्यमान न्यायाधीशच असावा, त्या मंडळाची नेमणूक उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने व्हावी. दोन्ही सभागृहांनी हे मंजूर केलं, राष्ट्रपतींनी एप्रिल 1979 मध्ये संमती दिली. पण त्याच कायद्यात असंही लिहिलं आहे की वेगवेगळी कलमं कोणत्या तारखेपासून लागू होतील ते केंद्र सरकार राजपत्रात जाहीर करेल. बाकीच्या कलमांच्या तारखा जाहीर झाल्या. कलम 3 ची झाली नाही.

धनबादच्या कोळसा खाणींच्या भागातून निवडून आलेले खासदार ए. के. रॉय यांना राष्ट्रीय सुरक्षा अध्यादेशाखाली स्थानबद्ध केलं, तेव्हा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोचला. डिसेंबर 1981 मध्ये बहुमताचा निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी. सरकारने कलम लागू न केल्याबद्दल त्यात नाराजी आहे, पण तारीख ठरवण्याचा हुकूम न्यायालय सरकारला देऊ शकत नाही, असं ठरलं. पाचांपैकी दोन न्यायमूर्तींना ते पटलं नव्हतं.

त्यानंतर केंद्रात जनता दल, काँग्रेस, संयुक्त आघाडी, भाजप अशी सगळ्या रंगांची सरकारं आली. त्यांत मिसाखाली तुरुंगात गेलेले कितीतरी मंत्री होते. परमिट भरलेलं आहे, दोन्ही सभागृहांच्या आणि राष्ट्रपतींच्या सह्या आहेत. वेळेच्या रकान्यात अजून काहीच लिहिलेलं नाही.